रोमन सातव्या पानावरचा [२]: एका थीसिसच्या सायटेशनचं प्रकरण

आधीच सांगतो, लेटेक म्हणजे मजकुरात कमांड लिहून थीसिस-पेपरची पीडीएफ बनवायची प्रणाली, आणि मी काही तिच्यातला पंडित नाही. दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी मुलुंडला घरी बसून ओळखीपाळखीतल्या पोरांचे थीसिस सरळ करून देतो, बहुतेक वेळा चहावर, कधीकधी वडापावही मिळतो. तर हे प्रकरण माझ्या मामेबहिणीचं. भांडुपला राहते, सिव्हिलमध्ये पीएचडी, विषय म्हणजे समुद्रालगतच्या आरसीसी इमारतींमधल्या सळयांना क्लोराइडमुळे चढणारा गंज. मुंबईत राहून ह्या विषयाला सँपल कमी पडायचा प्रश्नच नाही, तिच्या स्वतःच्या बिल्डिंगचा छज्जा पुरतो.

जुलैचा महिना, धो धो पाऊस, सबमिशनला दहा दिवस. तिच्या सरांनी ड्राफ्टची प्रिंट काढून लाल पेनाने परत पाठवली होती आणि पहिल्याच चॅप्टरच्या पहिल्याच पानावर, जिथे 'ह्या विषयावर आधी बरंच काम झालंय' छापाचं वाक्य असतं ना, त्याच्या शेवटी [८८][१२][१४१][३][५७][१३] असा कंसांचा डबा लागलेला. हेच सायटेशन, म्हणजे आधीच्या पेपरचा उल्लेख, आणि कंसातला आकडा म्हणजे शेवटच्या संदर्भांच्या यादीत तो पेपर कितवा. बाजूला सरांचा शेरा: क्रमाने लिहा, सलग असतील तर एकत्र करा. मामीचा फोन आधी आला, "काय रे, होणार का तिचं वेळेत?" आणि मागून हिचा आवाज, "दादा, दोन मिनिटांचं काम आहे रे."

दोन मिनिटांचं नव्हतं. चार संध्याकाळी गेल्या.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी आधी सॉर्ट आणि कॉम्प्रेस म्हणजे काय ते सांगतो, लोकलच्या भाषेत. समजा रुळांवर पाणी भरलं आणि कुणी तुम्हाला विचारलं की कुठलीकुठली स्टेशनं बंद आहेत. बातमी तुमच्यापर्यंत आली ती सायन, दादर, कुर्ला, माटुंगा अशी वेडीवाकडी. तुम्ही सांगताना काय सांगता, "दादर ते कुर्ला बंद." आधी मनात लाइनीत लावलं, हे सॉर्ट. मग सलग दिसली म्हणून मधे 'ते' घातलं, हे कॉम्प्रेस. आणि फक्त सायन-कुर्लाच बंद असेल तर 'सायन ते कुर्ला' असं कोणी म्हणत नाही, सरळ दोन नावं घेतो. लेटेकमधलं नॅटबिब पॅकेज, म्हणजे हे उल्लेख छापणारी जोड-सोय, हेच करतं, तीन किंवा जास्त आकडे सलग आले तरच मधे डॅश टाकतं, दोनच असले तर स्वल्पविराम. पुष्कळ पोरं मला विचारतात की [५, ६] चं [५–६] का होत नाही, तर होत नाही कारण ते बरोबरच आहे.

आता ह्यातली खरी ग्यानबाची मेख. समजा रेल्वेने स्टेशनांना नंबर दिले पण आद्याक्षरांवरून दिले. मग दादर आणि माटुंगा शेजारी असूनही नंबर कुठल्याकुठे, आणि 'ते' घालायची सोयच राहत नाही. तिच्या फाइलमध्ये हेच चालू होतं. बिबटेकची, म्हणजे लेटेकसाठी संदर्भांची यादी बनवणाऱ्या प्रोग्रामची, स्टाइल होती प्लेन, जी संदर्भांची यादी लेखकाच्या आडनावावरून लावते, त्यामुळे एकाच वाक्यात आलेले सहा पेपर १८० च्या यादीत सहा टोकांना. अशा यादीवर सॉर्ट लावला तर क्रम लागतो पण कॉम्प्रेस करायला फारसं काही सापडत नाही, सापडलंच तर एकाच आडनावाचे तीन पेपर सापडतात.

तर पहिल्या संध्याकाळी तीन गोष्टी केल्या. तिने प्रत्येक पेपरला वेगळी सायट कमांड (उल्लेख छापायची सूचना) दिली होती, एकामागे एक सहा वेळा, त्यामुळे लेटेकच्या दृष्टीने ते सहा वेगळे उल्लेख, त्यांना एकमेकांची ओळखच नाही. ते सगळे एका कमांडच्या महिरपी कंसात स्वल्पविराम देऊन कोंबले. दुसरं, प्लेनऐवजी ज्या क्रमाने उल्लेख येतो त्या क्रमाने नंबर देणारी स्टाइल घेतली, नॅटबिबसोबतची ती अनसॉर्टनॅट नावाची. तिसरं, नॅटबिबला 'सॉर्ट अँड कॉम्प्रेस' हे ऑप्शन. नुसतं सॉर्ट पण असतं आणि नुसतं कॉम्प्रेस पण असतं, ते नुसतं कॉम्प्रेस मात्र तुम्ही दिलेल्या क्रमातच आकडे चढते असतील तरच एकत्र करतं, त्यामुळे सरांना हवं होतं ते दोन्ही जोडलेलं.

ऑप्शन दिलं आणि लगेच एरर, ऑप्शन क्लॅश. कारण तिचं टेम्प्लेट. हे टेम्प्लेट कॉलेजच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय, मूळ कोणी बनवलं कोणाला ठाऊक नाही, आणि त्याच्या क्लास फाइलनेच (सगळी मांडणी ठरवणारी फाइल) आत नॅटबिब बोलावून ठेवलेलं, फक्त नंबर्स ह्या ऑप्शनसह. एकच पॅकेज दोनदा वेगवेगळ्या ऑप्शननी बोलावलं की लेटेक भांडतं. ह्याला उपाय म्हणजे ही क्लास फाइल बोलावणाऱ्या डॉक्युमेंटक्लास कमांडच्याही आधी, अगदी पहिल्या ओळीत, पास-ऑप्शन्स-टू-पॅकेज नावाची कमांड लिहायची आणि तिच्यातून निरोप द्यायचा की बाबा नॅटबिब येईल तेव्हा त्याला एवढं सांग. ज्यांचा पेपर एल्सेविअर ह्या प्रकाशकाच्या एलसआर्टिकल क्लासमध्ये आहे त्यांना हे पण करावं लागत नाही, त्यात बिब-ऑप्शन्स म्हणून वेगळी कमांडच दिलीय. असो.

मी तिला सांगितलं, आता जुन्या सगळ्या मदतनीस फायली उडव, ऑक्स (उल्लेखांच्या नोंदी), बीबीएल (तयार संदर्भयादी), सगळं, आणि पहिल्यापासून चालव: लेटेक, बिबटेक, लेटेक, लेटेक. ती टेकस्टुडिओ नावाचा लेटेकचा एडिटर वापरते, हाताने एकेक बटण दाबून. बुधवारी रात्री साडेअकराला तिचा स्क्रीनशॉट आला, पहिल्या पानावर सुरेख [१–६]. खाली तीन हार्ट. मी झोपलो.

गुरुवारी सकाळी लोकलमध्ये उभा असताना, नाहूरच्या आसपास, फोन थरथरला. "दादा, परत." स्क्रीनशॉट उघडला तर तेच वाक्य, तेच सहा पेपर, आणि कंसात [१, ४, ९, १४–१६].

"काय बदललंस?"

"शप्पथ काही नाही. शेवटच्या चॅप्टरला एक रेफरन्स वाढवला फक्त आणि परत रन केलं."

आता पाहा, माझी पहिली चूक अशी की मी ऑप्शनवरच संशय घेतला. दिवसभर ऑफिसात डोक्यात तेच, की निरोप पोचत नसेल, क्लास फाइल नंतर काहीतरी बदलत असेल. संध्याकाळी तिच्याकडून प्रोजेक्ट मागवला आणि वैतागून नॅटबिबच्या जोडीला सायट नावाचं जुनं पॅकेज टाकून पाहिलं, ते पण सॉर्ट-कॉम्प्रेसच करतं, डोनाल्ड आर्सेनो ह्यांचं. तर नॅटबिबने सरळ एरर देऊन सुनावलं की माझ्याबरोबर सायट पॅकेज वापरू नका, सॉर्टचं ऑप्शन घ्या. दोन सवती एका घरात नांदत नाहीत. आणि नॅटबिब काढून नुसतं सायट ठेवलं असतं तरी हायपररेफ पॅकेजने दिलेल्या लिंका गेल्या असत्या, आणि तिच्या सरांना पीडीएफमध्ये क्लिक करायची भारी हौस.

मग चहा घेतला आणि त्या कंसाकडे नीट बघितलं, जे मी सकाळीच करायला हवं होतं. [१, ४, ९, १४–१६]. अरे, आकडे चढत्या क्रमात आहेत, म्हणजे सॉर्ट चालू आहे. १४, १५, १६ सलग आहेत तर त्यांचा डॅश झालाय, म्हणजे कॉम्प्रेस पण चालू आहे. ते बिचारं आपलं काम चोख करतंय आणि मी त्यालाच बडवतोय. गडबड त्याच्या आधी आहे, नंबरच चुकीचे पडलेत. थीसिसमधला हा पहिलाच उल्लेख, ह्याच्या आधी एकही पेपर आलेला नाही, तर ह्या सहांना १ ते ६ च मिळायला हवेत. मग २ नंबर कोणाला गेला?

यादीत पाहिलं. २ नंबरवर मायक्रोस्कोपखालच्या गंजाच्या थरांवरचा एक पेपर. तिला विचारलं, हा पहिल्यांदा कुठे येतो? म्हणाली तिसऱ्या चॅप्टरमध्ये, पान ४१. मग ४१ व्या पानावर पहिल्यांदा येणाऱ्या पेपरला पहिल्या पानाच्या आधीचा नंबर कसा? पीडीएफमध्ये कंसासकट [२] शोधलं. पहिला हिट कुठे लागावा, रोमन सातव्या पानावर. आकृत्यांची यादी!

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. तिने बऱ्याच आकृत्या दुसऱ्यांच्या पेपरमधून परवानगीने घेतलेल्या, त्यामुळे आकृतीखालच्या मजकुरात, कॅप्शनमध्ये, शेवटी सायट कमांड. चांगली सवय आहे, उचलेगिरी नको. पण कॅप्शनचा अख्खा मजकूर आकृत्यांच्या यादीत जातो, सायटसकट. आणि यादी छापली जाते पुढे, पहिल्या चॅप्टरच्या आधी. लेटेक वरून खाली वाचत जातं, त्याला ही यादी आहे की मूळ मजकूर आहे ह्याच्याशी घेणंदेणं नाही, सायट दिसली की ऑक्स फाइलमध्ये नोंद. बिबटेक त्या नोंदींच्या क्रमाने नंबर देतं. कॅप्शनमध्ये वेगवेगळे १३ पेपर होते, त्यांनी पहिले १३ नंबर बळकावले. पहिल्या वाक्यातल्या सहांपैकी तीन पेपर ह्या १३ मध्ये होते, त्यांना १, ४ आणि ९ मिळाले होते, उरलेल्या तिघांना रांगेत मागे १४, १५, १६. हिशेब तंतोतंत जुळला आणि खरं सांगतो, एकटाच बसून हसलो.

पण मग बुधवारी रात्री बरोबर कसं आलं होतं? ह्याचंच मला जास्त कुतूहल, कारण 'काल चाललं आज नाही' ह्याचं कारण कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. तर आकृत्यांची यादी लेटेक एका वेगळ्या एलओएफ फाइलमधून वाचतं, आणि ती फाइल आधीच्या रनमध्ये लिहिलेली असते. बुधवारी आपण सगळं उडवलं होतं, म्हणजे पहिल्या रनला एलओएफ नव्हतीच, यादी रिकामी, त्यामुळे नोंदी शुद्ध मजकुराच्या क्रमाने पडल्या आणि लगेच बिबटेक चालवल्यामुळे नंबरही त्याच क्रमाने पक्के झाले. पुढच्या दोन रनमध्ये यादी भरली, ऑक्समधल्या नोंदींचा क्रम बिघडला, पण बिबटेक परत चाललंच नाही ना, त्यामुळे चूक आत बसून राहिली आणि बाहेर [१–६] झळकत राहिलं. गुरुवारी तिने एक संदर्भ वाढवून बिबटेक चालवलं आणि भिजत पडलेलं घोंगडं बाहेर आलं. म्हणजे बुधवारचं बरोबर आलेलं हाच अपघात होता, गुरुवारचं चुकलेलं हे नियमानुसार.

तिला फोनवर समजावलं तर म्हणाली, "म्हणजे मी बिबटेक परत चालवायचंच नाही का?" अगं नाही गं बाई.

उपाय दोन. एक, नॉटॉकसाइट नावाचं छोटं पॅकेज आहे, तेही आर्सेनो ह्यांचंच, खास ह्याच दुखण्यावर, ते अनुक्रमणिका आणि याद्यांमधले उल्लेख मोजणीत धरू देत नाही. दुसरा, कॅप्शन कमांडला मूळ मजकुराच्या आधी चौकोनी कंसात छोटा मजकूर द्यायचा, सायटशिवाय, मग यादीत तो छोटा जातो आणि आकृतीखाली मोठा राहतो. मी दुसरा घेतला. कष्टाचं आहे, ३४ कॅप्शन हाताने लिहाव्या लागल्या, पण तिच्या कॅप्शन तीन-तीन ओळींच्या होत्या आणि आकृत्यांची यादी म्हणजे कादंबरी झाली होती, ती पण सुधारली. तक्त्यांच्या यादीतही हेच करायला लागतं बरं का, आणि कोणी चॅप्टरच्या किंवा सेक्शनच्या नावात सायट घातली असेल तर अनुक्रमणिकेतही. नावात सायट घालणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहीत नाही.

आणि एवढं करून तिने रन केलं तर परत चुकलं! लेटेक, बिबटेक, लेटेक, लेटेक, आणि [१, ४, ९, १४–१६] जसंच्या तसं. रात्री बारा वाजता रडका आवाज. पण आता मला माहीत होतं: पहिल्या रनने कालची जुनी एलओएफच वाचली, नवी शेवटी लिहिली, आणि मधे बिबटेकने जुन्या क्रमावर शिक्का मारला. बिबटेकच्या आधी लेटेक दोनदा चालव म्हटलं, किंवा सरळ सगळं उडवून पहिल्यापासून. उडवलं. [१–६]. ह्या वेळी मी तिला बिबटेकसकट सगळं आणखी दोनदा चालवायला लावलं, हलतंय का बघायला. नाही हललं.

शनिवारी दादरला भेटलो, ती लॅपटॉप घेऊनच आली होती, आणि एका हॉटेलात मिसळ येईपर्यंत मी म्हटलं की आता हे कंस एकदा उघडून बघू. कारण कॉम्प्रेसची एक गोष्ट मला आवडत नाही, ते झाकतं. [८८][१२][१४१] असताना निदान सहा आकडे डोळ्यांसमोर असतात, [१–६] लिहिलं की मधे कोण बसलंय कोणी बघत नाही, ना लिहिणारा ना वाचणारा. थोडा वेळ ऑप्शन काढून आकडे सुटे केले आणि यादीशी ताडले. २ आणि ६ एकच पेपर निघाला. एकदा मेंडेली ह्या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमधून आलेला, जर्नलचं नाव पूर्ण, एकदा तिने डीओआयवरून (पेपरच्या ओळख-क्रमांकावरून) हाताने घेतलेला, जर्नलचं नाव आखूड, दोघांच्या की, म्हणजे सायट कमांडमध्ये लिहायची नावं, वेगळ्या. बिबटेक एकच की दोनदा आली तर बोंबलतं, पण एकच पेपर दोन नावांनी आला तर त्याला कळायचं कसं? अशा जोड्या आणखी तीन सापडल्या. आडनावावरून लावलेल्या जुन्या यादीत ह्या जोड्या शेजारीशेजारी होत्या, तरी दोन वर्षं कोणाच्या नजरेत आल्या नाहीत, हे वेगळंच. पहिल्या वाक्याचं आता [१–५] झालं.

दुसरी गोष्ट तिथेच सापडली आणि ती जास्त खतरनाक होती. दुसऱ्या चॅप्टरमध्ये तिने आयएस ४५६ : २००० ह्या काँक्रीटच्या भारतीय कोडचा उल्लेख दोन पेपरच्या सोबत एकाच कमांडमध्ये केलेला आणि पुढे टीप म्हणून क्लॉज ८, म्हणजे काँक्रीटच्या टिकाऊपणाचा क्लॉज. नॅटबिब ती टीप सगळ्या आकड्यांच्या शेवटी लावतं. तिने की लिहिताना कोड शेवटी ठेवला होता म्हणून तिला वाटलं टीप त्यालाच लागणार. पण सॉर्टने आकडे हलवले, कोड आधीच येऊन गेला असल्यामुळे त्याचा नंबर लहान, तो पुढे सरकला, आणि क्लॉज ८ जाऊन चिकटला कुठल्यातरी भलत्याच जर्नल पेपरला. छापील पानावर हे इतकं साळसूद दिसतं की काही विचारू नका. ज्या संदर्भाला पान किंवा क्लॉजची टीप आहे तो गटातून बाहेर काढायचा आणि त्याला स्वतःची कमांड द्यायची, दुसरा इलाज नाही. अशा अकरा जागा होत्या, मिसळ थंड झाली.

सोमवारी सरांना पीडीएफ गेली. सर खूश, पण फोन आलाच, की [१–५] मध्ये १ वर क्लिक होतं, ५ वर होतं, ३ वर जायचं तर कसं? आता ३ तिथे छापलेलाच नाही तर क्लिक कशावर होणार, रेंज केली की दोन टोकांनाच लिंक राहते. हे तिने सरांना तिच्या परीने नीट, आदराने सांगितलं. सर म्हणाले बरं. मग म्हणाले, त्यांच्या एका मित्राच्या पेपरमध्ये [१]–[५] असे दोन वेगळे कंस असतात, ते जास्त छान दिसतं. ती आयईईई ह्या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या संस्थेची पद्धत, त्यांच्या क्लास फाइलमध्ये तशी सोय आहे, सिव्हिलच्या थीसिसमध्ये ती आणायचं काही कारण नव्हतं, आणि सबमिशनला चार दिवस उरले होते. तिने मला न विचारताच सरांना सांगून टाकलं की टेम्प्लेटमध्ये बसत नाही. शिकली.

बाइंडिंगला दादर पश्चिमेच्या एका गल्लीत दिलं, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच कॉप्या. दुकानात ओल्या छत्र्यांचा ढीग आणि थीसिसवाल्यांची रांग. आमच्या पुढचा मुलगा काउंटरवर आपली प्रिंट चाळत होता, मी सवयीने त्याच्या खांद्यावरून पाहिलं, पहिला चॅप्टर, पहिलं पान, [३, ७, ११, १९–२१]. बहिणीने पण पाहिलं. माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाली, "एक्सक्यूज मी, तुझ्या फिगरच्या कॅप्शनमध्ये सायटेशन आहेत का रे?"